श्रावणाचं पाणी, माघाचा पत्ता

जुनी होडी मोडायची नाही, ही हेदूळ बंदराची रीत. नवी होडी पाण्यात गेली की जुनी वाळूवर ओढायची, नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावायचं आणि ती कुजून पडेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचं. कुणी विचारलंच तर सांगायचं, असू दे, अडलं तर कामाला येईल. आजवर त्या वाळूवरची एकही होडी कुणाच्या कामाला आलेली नाही. चिंबोऱ्या तेवढ्या आल्या राहायला.

रसिका जाक्करनं हीच रीत कॉम्प्युटरात नेली आणि त्यापायी माणसं मेली. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं यंत्राचं कौतुक बरंच येणार आहे.

त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता ती बर्फाच्या कारखान्यावरच्या माडीवर, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बसली होती. नारळी पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते आणि ‘जलसाई’ हरवून पंचावन्न तास. प्रत्येक होडीवर ठिकाण सांगणारी एक डबी असते. जलसाईची डबी मंगळवारी पहाटे चार दहाला बोलायची थांबली. होडीवर ती चालवणारा एक तांडेल आणि सहा नेपाळी खलाशी. मत्स्य खात्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘तांडेल १, इतर ६’. तो ‘इतर’ रसिकानं दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा तिच्या तोंडात शिवी आली.

पडद्यावर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातला ईशान देवस्थळी होता. वय एकोणतीस, दोन पदव्या, आणि दोन रात्री न झोपल्याचे डोळे.

“रसिकाताई, शोधाचा चौकोन तोच राहणार. चारही ड्रोन उत्तरेलाच फिरतायत.”

“दोन दिवस फिरतायत. तरंगणारा एक बोया तरी दिसला?”

“नाही. पण गणित उत्तर म्हणतंय. संध्याकाळी वारा चढणार, मग दोन दिवस काही उडवता येणार नाही. एकच फेरी उरलीय माझ्या हातात. ती मी अंदाजावर घालवू शकत नाही.”

दारात कासमचाचा सोलकर उभे होते. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, साठ वर्षं दर्यावर गेलेली, आता गुडघे गेले म्हणून किनाऱ्यावर. जिना चढून धाप लागली होती, तरी बसले नाहीत.

“पाणी खाली ओढतंय बाय,” ते म्हणाले. खाली म्हणजे दक्षिणेला. “श्रावणात दर्या खालीच जातो. माघात वर. माझ्या बापालापन म्हाईत होतं ह्ये.”

“चाचा, मशीन…”

“म्हाईत हाय. मशीन वर म्हनतंय. तवापन म्हनत होतं.”

तवा म्हणजे चौदा वर्षांपूर्वी. ‘पद्मावती’ हरवली तेव्हा. पद्मावतीवर रसिकाचा थोरला भाऊ संदेश तांडेल होता आणि चार खलाशी. तेव्हाही कासमचाचा याच जिन्यानं वर आले होते, हेच बोलले होते. आणि सत्तावीस वर्षांच्या रसिकानं वीस माणसांसमोर त्यांना सांगितलं होतं, “चाचा, तुम्ही गप्प बसा. हे अंदाजाचं काम नाही.” नऊ दिवस उत्तरेला शोध चालला. दहाव्या दिवशी थांबवला. होडी हरवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी कासमचाचांच्याच जाळ्यात पद्मावतीची एक फळी आली. विजयदुर्गाच्या बाहेर. दक्षिणेला.

फळी नंतर वाहत गेली असेल, असं रसिकानं स्वतःला सांगितलं. चौदा वर्षं सांगत होती.

ती बारावी नापास. कोडिंग शिकली ती मोबाईलवर, मासळीच्या लिलावात वहिनीच्या टोपलीशेजारी बसून. बाविसाव्या वर्षी तिनं ‘दर्यासाद’ लिहिला. होड्यांचा ठावठिकाणा, हवा, पाण्याचा ओढा, हरवलेल्याचा शोध, सगळं एका जागी. शहरातल्या मोठ्या कॉलेजांनी तिला हसून घेतलं. मग एक दिवस खात्यानं तो प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलला आणि अख्ख्या किनाऱ्याला लावला. नाव खात्याचं लागलं, ओळी तिच्याच राहिल्या. तिला ‘स्थानिक सहायक’ म्हणून ठेवलं. पदवी नसलेल्या बाईला यापेक्षा मोठा शब्द खात्याकडं नव्हता.

शोधाचं गणित तसं सरळ आहे. होडी शेवटची दिसली तिथून कॉम्प्युटर हजार खोट्या होड्या सोडतो. प्रत्येकीला पाण्याचा ओढा नेतो आणि वाऱ्याचा धक्का जरासा बाजूला सारतो. कुणाला वारा थोडा जास्त, कुणाला थोडा कमी. पन्नास तासांनी या हजार होड्या कुठं गर्दी करतात ते बघायचं आणि तिथं शोधायचं. गणित बरोबर असेल तर दर्यासारखा दर्या तळहाताएवढा होतो. पण सगळं अडतं एका गोष्टीवर. पाण्याचा ओढा सांगणारा तक्ता कोणता वाचायचा?

रसिकाला तीन आठवड्यांपूर्वीची एक फाईल आठवली. खात्यानं ‘मागोवा’ नावाचं यंत्र आणलं होतं. सगळ्या जुन्या प्रोग्रॅमांवर ते फिरवलं गेलं, अहवाल आला आणि ‘हंगाम संपल्यावर बघू’ असा शेरा मारून बाजूला पडला. अहवालात एकच वाक्य ठळक होतं. कालबाह्य पत्ते, चार हजार एकशे बारा.

हे पत्ते काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. एका प्रोग्रॅमात हजारो फाईली असतात. एक फाईल दुसरीला हाक मारते ती पत्त्यावर, म्हणजे अमुक फोल्डरातल्या तमुक फोल्डरातली अमकी फाईल. माणसं फोल्डर हलवतात, नावं बदलतात, दोनाचं एक करतात. हाक मारणारी ओळ मात्र जुनाच पत्ता धरून बसते. त्या पत्त्यावर कुणीच नसलं तर प्रोग्रॅम बंद पडतो. बंद पडला तर बरंच, निदान कळतं. पण जुन्या घरात जुनंच कुणीतरी बसलेलं असलं तर तो बंद पडत नाही. चुकीच्या माणसाचं ऐकतो आणि ठणठणीत चालत राहतो.

आणि प्रत्येक प्रोजेक्टला एक बदलवही असते. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली, कोणती फाईल कुठून कुठं नेली, सगळं तीत राहतं. प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून एक आकडा निघतो, अंगठ्याच्या ठशासारखा. नाव बदलून फाईल कुठंही लपवा, ठसा तोच. मजकूर थोडा बदलला तर ठसा बदलतो, पण तो कुठल्या ठशापोटी आला हे वहीत राहतं. पूर्वीची साधनं नुसती नावं जुळवायची. मागोवा तसं करत नाही. तो प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो, तू लिहिली गेलीस त्या घटकेला या पत्त्यावर कोण राहत होतं? लिहिणाऱ्याच्या मनात कोण होतं? मग त्या राहणाऱ्याच्या मागं निघतो, घर बदलत, गाव बदलत, वीस-वीस वर्षं, शेकडो हातांतून, आजच्या दारापर्यंत. दारात उभा राहतो आणि माणसाला विचारतो, हाच का? माणसानं नावानिशी होकार दिल्याशिवाय तो एक अक्षर हलवत नाही.

रसिकानं त्याला फक्त शोधाच्या प्रोग्रॅमावर सोडला. अडतीस पत्ते निघाले. सदतीस किरकोळ होते, चिन्हांच्या चित्रांचे, छपाईच्या नमुन्यांचे. अडतिसावा मागोव्यानं पडद्यावर उलगडला, आणि ती खुर्चीत मागं सरकली.

वरून खाली एक रेघ निघाली. आजचा खात्याचा सर्व्हर. त्याआधीचा सर्व्हर. त्याआधी ठेकेदारानं घातलेली नवी नावं, सहा वेळा. त्याआधी जिल्ह्याची प्रत. त्याआधी सोसायटीचा जुना कॉम्प्युटर, जो आता खाली बर्फाच्या गोदामात पडला होता. मधल्या प्रत्येक गाठीवर एक नाव होतं, एक तारीख आणि वेळ, सेकंदासकट. ज्यांना आपण कधी इथं हात लावला हे आठवतही नसेल अशी दोनशे सहा माणसं रेघेवर ओळीनं उभी होती. तिला वाटलं, अंधाऱ्या विहिरीत कुणीतरी दिवा सोडतंय आणि तळ दिसेपर्यंत थांबायला तयार नाही.

तळाशी तिचंच नाव होतं. तारीख चौदा वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेची. वेळ संध्याकाळी सहा बावीस. आणि त्या दिवशी तिनं बदलवहीत स्वतःच्या हातानं लिहिलेला शेरा.

‘नवा हंगाम. तक्ते नव्या फोल्डरात नेले. जुनं राहू दे, अडलं तर.’

तिला ती संध्याकाळ आठवली. नारळ दर्याला दिला की नव्या हंगामाचं फोल्डर उघडायचं, असा तिनंच नियम केला होता. होड्यांची पूजा झाली, मग सुचितावहिनीनं तिच्या कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिनं पाण्याच्या ओढ्याचे तक्ते नव्या फोल्डरात हलवले. जुनी प्रत काढून टाकायला हात होईना. जुनी होडी कुणी मोडतं का? शोधाचा प्रोग्रॅम तीन वर्षं कुणी वापरला नव्हता. त्यातली ओळ बदलायची तिच्या डोक्यातच आली नाही. आणि जुन्या प्रतीतला शेवटचा तक्ता होता माघातला, कारण त्यानंतर ओढा मोजणारं किनाऱ्यावरचं रडार बिघडलं होतं, ते सुरू झालं नव्या हंगामातच. माघात पाणी वर जातं.

सहा दिवसांनी पद्मावती हरवली. प्रोग्रॅमानं जुन्या पत्त्यावर हाक मारली. जुनं घर उभं होतं. आतून माघ बोलला.

नंतर खात्यानं सगळं उचललं तेव्हा ते जुनं घरही आपसूक बरोबर गेलं. मधल्या चौदा वर्षांत कुणाला कळलं कसं नाही? किनाऱ्याजवळची होडी बुडाली तर शेजारचेच तासाभरात काढतात, गणित कोण बघतो. माघ-फाल्गुनात हरवलेली माघाच्या तक्त्यानं सापडायचीच. आणि श्रावणात न सापडलेली? ती दर्यानं नेली. दर्याला कुणी जाब विचारत नाही, म्हणून खात्याला दर्या फार आवडतो.

“ईशान,” ती म्हणाली, “चूक सापडलीय. माझीच आहे. आपला प्रोग्रॅम माघाचं पाणी वाचतोय.”

तिनं रेघ त्याच्या पडद्यावर पाठवली. तो एकेक गाठ वाचत खाली गेला.

“हे… ताई, हे दोनशे सहा जणांतून आलंय?”

“तळाशी बघ. मी आहे. मला होकार देऊ दे, तक्ता बदलेल, दोन मिनिटांत नवा चौकोन येईल.”

“शोध चालू असताना प्रोग्रॅम बदलायचा नाही, असा नियम आहे.” त्यानं कपाळ चोळलं. “उगाच नाही तो. गेल्या वर्षी एकानं घाईत दुरुस्ती केली आणि सगळं बंद पडलं. एकच वाट आहे. स्थानिक सोसायटीच्या अध्यक्षांची लेखी संमती, आणि त्याच किनाऱ्यावरच्या, त्याच ऋतूतल्या एका जुन्या घटनेवर चाचणी. अशी घटना, जिच्यातलं काहीतरी नंतर सापडलंय. म्हणजे उत्तर ताडून बघता येईल. तुमच्या किनाऱ्यावर अशी किती आहेत?”

एकच होती. त्यालाही ते समोर दिसत असणार.

“आणि संमती देताना अध्यक्षांना काय बदलतंय ते समजावून सांगावं लागेल,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मला माफ करा ताई.”

अध्यक्ष होती सुचिता जाक्कर. संदेशची बायको.

नवरा गेल्यावर ती माहेरी गेली नाही. नणंद-भावजय एकाच घरात, एकाच चुलीवर राहिल्या. लिलावात टोपली घेऊन बसणारी सुचिता पाच वर्षांत लिलाव चालवायला लागली, नवव्या वर्षी सोसायटीची अध्यक्ष झाली. तिच्यासमोर आवाज चढवायची बंदरातल्या एकाही होडीमालकाची छाती नव्हती. रसिकाच्या मशीनला दर नारळी पौर्णिमेला हळद-कुंकू मात्र तीच लावायची. यंदाचं कुंकू अजून पडद्याच्या कडेला होतं.

निरोप गेल्यावर ती दहा मिनिटांत आली. हात ओले, पदर खोचलेला.

“सापडली?”

“नाही. बस वहिनी.”

“उभी हाय मी. बोल.”

कासमचाचा जिन्याकडं वळले. सुचितानं त्यांना हातानं थांबवलं.

रसिकानं सांगितलं. पडद्याकडं बघत सांगितलं, कारण तोंडाकडं बघून होईना. फोल्डर कसं हलवलं, जुनं कसं ठेवलं, ओळ कशी तशीच राहिली. ‘पत्ता’ या शब्दाशी तिची जीभ दोनदा अडली. शेवटी ती म्हणाली, “दादाची होडी खाली गेली होती. आपण वर शोधत होतो. माझ्यामुळं. आणि आता तू सही केलीस तर मशीन दादाच्याच होडीवर ही चूक तपासणार. सगळ्यांसमोर. ते जुळलं तरच जलसाईला फेरी मिळेल.”

खाली कारखान्यात बर्फाची लादी घसरल्याचा आवाज आला. सुचितानं खोचलेला पदर सोडला आणि त्याला हात पुसले, एक एक बोट.

“चाचांच्या जाळ्यात फळी आली होती,” ती म्हणाली. “तुला फक्त आली एवढंच सांगितलं होतं. त्या फळीवर खाचा होत्या गो. सुरीनं केलेल्या. एकाखाली एक. अकरा.”

रसिकाला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं टेबलाची कड धरली.

“अकरा दिवस जिता होता तो. आपण नऊ दिवस शोधला, चुकीच्या जागी. ह्ये मला एकोणिसाव्या दिवशीच कळलं. मशीन चुकलं ह्ये कळायला मला मशीन नको होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू मशीनला पुन्हा हात लावला असतास?” सुचितानं तिच्याकडं सरळ बघितलं. “पोरं रोज दर्यावर जात होती. हवा कोन सांगनार, होडी कुठं हाय ते कोन बघनार? डिग्रीवाले येऊन बसनार होते इथं? तू एकटी होतीस. म्हणून मी फळी माळ्यावर टाकली आणि चाचांना शपथ घातली.”

कासमचाचा जमिनीकडं बघत म्हणाले, “मी शपथ पाळली बाय. लय जड गेली.”

“माफ केलं असं समजू नको हां,” सुचिता म्हणाली. तिचा आवाज लिलावात असतो तसाच सपाट होता. “तू चाचांना सगळ्यांच्या देखत गप्प केलंस ते मी बघितलंय. ते माझ्या डोळ्यांपुढनं जात नाय. पण सात माणसं पाण्यात हायत. सही कुठं करायची ते दाखव.”

तिनं सही केली. दुपारी बारा पन्नासला चाचणी सुरू झाली. नियंत्रण कक्षातली नऊ माणसं पडद्यावर होती, माडीवर तिघं.

मागोव्याला फळी कुठं सापडली ते सांगितलेलं नव्हतं. त्याला फक्त पद्मावतीचं शेवटचं ठिकाण दिलं, आणि तो त्या जुन्या दिवसाच्या प्रोग्रॅमापर्यंत खाली उतरला. तो प्रोग्रॅम त्यानं जसाच्या तसा उभा केला. तेव्हाचं हवामान, तेव्हाचे वारे, नव्या हंगामाच्या फोल्डरात पडून राहिलेला, तेव्हा कुणीच न वाचलेला श्रावणाचा तक्ता. एकच गोष्ट बदलली. एका ओळीतला पत्ता.

निळ्या पडद्यावर हजार ठिपके उमटले. हजार पद्मावत्या. आधी त्या एका जागी थरथरल्या, मग हलल्या. पहिल्या दिवशी जराशा बाहेर. दुसऱ्या दिवशी खाली. तिसऱ्या दिवशी अख्खा घोळका दक्षिणेला वळला, पक्ष्यांचा थवा वळतो तसा, एकाच वेळी, आवाज न करता. चौदा वर्षांपूर्वीचं पाणी रसिकासमोर वाहत होतं. ते तेव्हाही असंच वाहिलं होतं. कुणी बघितलं नव्हतं, पण त्याची प्रत्येक तासाची नोंद एका दाराआड होती आणि दार उघडं होतं. कुणी त्या दारावर गेलंच नव्हतं, एवढंच.

सुचिता पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. अकराव्या दिवशी ठिपक्यांवर तिनं बोट ठेवलं आणि ते सरकतील तसं सरकवत राहिली. काही ठिपके भोवऱ्यात अडकून मागं राहिले, काही किनाऱ्याला लागून विझले. एकोणिसाव्या दिवशी जे उरले ते विजयदुर्गाच्या बाहेर गोल करून थांबले.

ईशाननं फळीच्या नोंदीतलं ठिकाण उघडलं. लाल फुली उमटली. घोळक्याच्या मधोमध नव्हती, जरा पश्चिमेला होती.

“चार मैल,” तो म्हणाला. “एकोणीस दिवसांनंतर चार मैल.” नियंत्रण कक्षात कुणीतरी उभं राहिलं, मग सगळेच उभे राहिले. कशासाठी उभे राहिलो हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कासमचाचांना आकड्यांचं काही नव्हतं. “मी हितंच जाळं टाकलं होतं,” ते पडद्यावरच्या पाण्याला म्हणाले. “त्याच्या उजव्या अंगाला खडप हाय, पान्याखालचा खडक. दावलंय बघ त्यानं.”

“ताई, होकार द्या,” ईशान म्हणाला.

रसिकानं दिला. शेरा लिहायची चौकट उघडली. चौदा वर्षांपूर्वी तिथं तिनं ‘अडलं तर’ लिहिलं होतं. आता तिनं लिहिलं, ‘पत्ता चुकीचा होता. चूक माझी. कासम सोलकर यांनी दोन्ही वेळा बरोबर सांगितलं होतं.’ आणि खाली पूर्ण नाव.

एक दहाला जलसाईचा नवा चौकोन आला. जुन्यापासून बहात्तर मैल दक्षिणेला. चारही ड्रोन हवेतच वळवले.

मग वाट बघणं. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नसतं. सुचितानं सगळ्यांना चहा दिला, स्वतः घेतला नाही. कासमचाचा खुर्चीत बसून राहिले, त्यांच्या हाताची बोटं जाळं विणल्यासारखी आपोआप चालत होती. तीन वाजले. चार वाजले. पश्चिमेला ढग जाड झाला.

चार पस्तीसला ईशान पडद्यावर आला. आधी त्याचा नुसता चेहरा हलला.

“होडी नाही. बुडालीय. पण बोये दिसले. एकमेकांना बांधलेले. त्यांना धरून माणसं आहेत. हात हलवतायत, रसिकाताई. तटरक्षकांची बोट वीस मिनिटांवर आहे.”

“किती?”

तो मोजत असावा. “सात.”

“एक तांडेल आणि सहा इतर?”

“सात माणसं, ताई,” तो म्हणाला. “सात.”

सुचिता खाली गेली. वखारीपाशी बायका उभ्या होत्या, त्यांना तिनं काय सांगितलं ते वर ऐकू आलं नाही, पण गलका ऐकू आला. कासमचाचांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “येवढा येळ मशीनला लागला, माझ्या बापाला येका चुटकीत कळलं असतं.” मग जिना उतरताना थांबून म्हणाले, “पन चार मैल… चार मैल नसतं सांगता आलं त्याला.”

रसिका एकटी राहिली. पडद्यावर मागोवा अजून उघडा होता. तिला वाटलं, काम संपलं. त्याचं संपलं नव्हतं.

ती ओळ इथंच राहिली नव्हती. दर्यासाद उघड्यावर ठेवलेला होता. कुणीही उचलावा, आपल्या किनाऱ्याला लावावा. चौदा वर्षांत तो उचलला गेला होता. मागोव्यानं त्या ओळीच्या सगळ्या प्रती शोधून काढल्या होत्या आणि तो एक नकाशा मांडत होता. गुजरातचा किनारा. केरळचा. लक्षद्वीप. समुद्रापलीकडं ओमान, खाली श्रीलंका, त्याहून खाली कुठलीतरी बेटं, ज्यांची नावं तिनं कधी ऐकली नव्हती. एकसष्ट ठिकाणी तिची ओळ जिवंत होती, एकसष्ट ठिकाणी तिच्यामागं ते जुनं घर गेलं होतं, हळद-कुंकू लावून ठेवलेलं, आणि आतून दर श्रावणात माघ बोलत होता.

ती खिडकीपाशी गेली, परत आली.

पडद्यावर प्रश्न होता. एकसष्ट मालकांना दुरुस्ती पाठवायची का, मूळ लेखिकेच्या नावानिशी?

तिनं हो म्हटलं.

नकाशावर एकसष्ट लाल ठिपके लागले. काही मिनिटं काहीच झालं नाही. मग कोचीच्या वरचा एक हिरवा झाला. कुणीतरी, त्या किनाऱ्यावरची कुणीतरी, ती रेघ तळापर्यंत बघून, नावानिशी होकार देऊन बसली होती. मग ओखा. मग एकदम तीन, ओमानात. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. समुद्राच्या काठानं एकामागून एक दार उघडत होतं आणि आत श्रावण येत होता. रसिकानं आयुष्यात देवळात हात जोडले नव्हते. तिचे हात मांडीवर पडले होते, ते तसेच राहिले, उचलता आले नाहीत.

सुचिता परत आली तेव्हा सदतीस हिरवे झाले होते. ती घरी जाऊन आली होती. तिच्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“ह्ये काय दिसतंय?”

रसिकानं सांगितलं. सुचितानं नकाशा वरपासून खालपर्यंत बघितला.

“एवढ्यांत किती मानसं गेली असतील गो?”

“माहीत नाही. पण कळेल. आता प्रत्येक जुनी होडी मागोवा परत सोडून बघणार आहे. मी सांगितलंय त्याला.”

“सगळ्या?”

“सगळ्या. मी बघणार आहे.”

सुचितानं मान हलवली. मग लुगडं सोडलं आणि फळी रसिकाच्या मांडीवर ठेवली. हातभर लांब, मीठ खाऊन पांढरी पडलेली, एका कडेला निळ्या रंगाचा पोपडा आणि ‘पद्मा’ एवढी अक्षरं.

“मोज,” ती म्हणाली.

रसिकानं बोट ठेवलं. पहिल्या खाचा खोल होत्या, सरळ, रेघेत, संदेश जाळ्याच्या गाठी मारायचा तशा नेटक्या. सातवीपासून उथळ. दहावी तिरपी. अकरावीपाशी तिचं बोट थांबलं, आणि मग तिच्या खाली, जिथं लाकूड सपाट असायला हवं होतं तिथं, नखाला काहीतरी लागलं.

बारावी अर्धीच होती.

तिनं वर बघितलं. सुचिता पडद्याकडं बघत होती. तिच्या ओल्या चेहऱ्यावर हिरवा उजेड पडला होता, आणि नकाशावर अडतिसावं दार उघडलं होतं.